चौथ्याऐवजी दुसरा

मुक्ताईनगरहून दर्शन घेऊन परतताना, हायवेवर एका केळीच्या ट्रकला मागे टाकण्याच्या भरात, युवराज मास्तरांनी पाचव्यातून चौथा गियर टाकला आणि पडला दुसरा. गाडी नव्वदच्या पुढे होती. इंजिनाने असा टाहो फोडला, की शेजारी बसलेल्या रत्नाच्या हातातला प्रसादाचा नारळ सुटून तिच्याच पायावर पडला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेघ ओलांडून गेला. मास्तरांनी झटकन क्लच दाबला, गाडी कडेला घेतली आणि नवराबायको दोघंही समोरच्या काचेतून बघत बसले, घरात कोणीतरी नुकतंच गेल्यासारखे.

"अहो, आबांना काय सांगणार?" रत्ना म्हणाली.

प्रश्न बरोबर होता. गाडी मास्तरांची नव्हतीच. ती होती रत्नाच्या वडिलांची, म्हणजे फैजपूरच्या जीवराम आबांची. सहा वर्षांत आबांनी ती सख्ख्या भावालाही दिली नव्हती. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावर बसलेला पाहुणा उठला की केळं सोलल्यासारखा आवाज येई. दार तर आबा असं लावत, की जणू आत बाळ झोपलंय. आज सकाळी मात्र त्यांनी चार माणसांदेखत किल्ली जावयाच्या हातात ठेवली होती. "दुसऱ्या कोनाले दिली नसती. पन हा मास्तर हाये."

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. धुळ्यात बारा वर्षं त्यांचा मोटार ड्रायव्हिंग क्लास होता. अर्धं धुळं त्यांनी रस्त्यावर आणलं होतं, असं लोक म्हणत. काही जण ते कौतुकाने म्हणत. मुलगी देताना आबांनी जमीन पाहिली नव्हती, 'मास्तर' हा एक शब्द पाहिला होता. तोच आता बॉनेटखाली अडकला होता. इंजिनाचं जे काही झालं असेल ते आबांच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, एवढं ठरवून मास्तरांनी गाडी वीसच्या वेगाने पुढच्या गॅरेजपर्यंत नेली.

गॅरेज पिंपळनेरहून येऊन इथे स्थायिक झालेल्या झुलाल मिस्त्रींचं होतं.

"काय व्हयनं?" मिस्त्रींनी विचारलं.

"झुलालभाऊ, जरा इंजिन बघा. एक विद्यार्थी होता, त्याने चौथ्याऐवजी दुसरा टाकला."

मिस्त्रींनी गाडीत डोकावून पाहिलं. "इद्यार्थी कोठे शे?"

"मागे उतरला."

"हायवेवर?"

"त्याला लाज वाटली."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि तिथेच घोळ झाला. आपल्याकडे उघडं बॉनेट दिसलं की थांबावंच लागतं, मग माणूस स्वतःच्या हळदीला का निघालेला असेना. पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. एकाने इंजिन उतरवायला सांगितलं. दुसऱ्याने गाडीच विकायला सांगितली. तिसरा नुसती मान हलवत राहिला, आणि मास्तरांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

एवढ्यात वना नाना नावाच्या एका म्हाताऱ्याने मागची काच वाचली. काचेवर लिहिलं होतं, 'केळीची कृपा'.

"अरे, ही तं जीवराम आबाची गाडी!" असं म्हणेपर्यंत नानांचा फोन कानाला लागलाही होता. "आबा, तुमची गाडी इथी उघडी पडेल हाये. मानसं जमेल हायेत."

रत्नाने नानांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"आबा, काही झालं नाही. हे शिकवताहेत."

"कोनाले?"

रत्नाने पंधरा माणसांवरून नजर फिरवली. त्यांतलं कोणी शिकण्याच्या वयाचं दिसेना.

"मला," ती म्हणाली. "गाडी शिकवताहेत मला. आज बॉनेटचा धडा आहे."

आबा म्हणाले, "व्हिडिओ लाव."

व्हिडिओ लागला. आबांना फोन कानापासून दूर धरायची सवय नसल्याने पडद्यावर फक्त आबांचा कान आला. तो अखेरपर्यंत तसाच राहिला, आणि मास्तरांनी आयुष्यातला सगळ्यात अवघड तास एका कानाला उद्देशून घेतला.

"तर हे इंजिन," मास्तर म्हणाले. "समजा, एखाद्या मूर्खाने वेगात असताना खालचा गियर टाकला, तर इंजिन वाजवीपेक्षा जोरात फिरतं. मग काय काय तपासायचं? आधी ऑइल. त्यात चमचम दिसली, की आतलं लोखंड झिजलं."

मिस्त्रींनी ऑइलची पट्टी काढली, थेंब दोन बोटांत चोळला आणि उन्हात धरला. मास्तरांनी श्वास रोखला. पंधरा माणसांनीही रोखला.

"चमचम नही," मिस्त्री म्हणाले.

"चमचम नाही!" मास्तर ओरडले. गर्दीने टाळ्या वाजवल्या. मान हलवणारा माणूस जरा हिरमुसला.

मग मिस्त्रींनी गाडी सुरू करून इंजिनाला लाकडी काठी टेकवली आणि दुसरं टोक कानाला लावलं. "आता मिस्त्री आतली खटखट ऐकताहेत. व्हॉल्व्ह वाकले असतील तर इथे कळतं." इकडे मिस्त्रींचा कान काठीला, तिकडे आबांचा कान पडद्यावर. मधल्या मध्ये मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला. खटखट नव्हती. धूरही निळा नव्हता. शेवटी मिस्त्रींनी इंजिन बंद करून, प्लग काढून, एकेका सिलिंडरचं प्रेशर मोजलं. चारही सारखे निघाले, तेव्हा वना नानांनी मास्तरांना मिठी मारली. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"वा!" कान म्हणाला. "असं कोनी शिकोत नाही. मंग आता रत्नालेच चालवत आनू द्या घरी. मी फाटकात उभा राह्यतो."

फोन बंद झाला. गर्दी पांगली. मिस्त्रींनी हात पुसत मास्तरांना बाजूला घेतलं.

"इंजिनले काही व्हयनं नही. पन मास्तर, तुम्ही शिकाडतस तवय कोठे बसतस?"

"डावीकडे."

"आनी इद्यार्थी चुकना तं गियर कोणता हातवरी टाकतस?"

"उजव्या."

"कितला वरीस?"

"बारा."

"मंग? बारा वरीसपाईन तुमना डावा हात बेकार बशेल शे. त्याले चौथा कोठे शे हाई माहीतच नही." मिस्त्रींनी बॉनेट लावलं. "इद्यार्थीले नका बोलजात."

पण मास्तरांचं लक्ष आता दुसरीकडे होतं. इंजिन वाचलं, पण तीस किलोमीटरवर सासरा फाटकात उभा होता आणि बायकोला गाडी चालवायची होती.

"मी गावाच्या वेशीपर्यंत चालवतो," ते म्हणाले. "पुढे तू पहिल्या गियरमध्ये आण. मी ब्रेक—" मग त्यांना आठवलं, की या गाडीत डावीकडे ब्रेक नाही.

रत्नाने किल्ली घेतली, उजवीकडे बसली, आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी हायवेला लावली. पहिला, दुसरा, तिसरा. पोळीवर तूप पसरावं तशी गाडी सरकत गेली. वाटेत एक केळीचा ट्रक आला. पाचव्यातून चौथा, ट्रक मागे, परत पाचवा.

"तुला येतं?"

"पर्समध्ये लायसन्स आहे. दोन वर्षं झाली."

"कोणी शिकवलं?"

"राकेशने. आपल्या मागच्या गल्लीत क्लास आहे त्याचा."

"राकेश? त्याला तर मी शिकवलं!"

"हो, तो सांगत होता. तुमची खूप आठवण काढायचा, विशेषतः काय करू नये ते सांगताना."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, बायकोला गाडी शिकवली की एक तर गाडी जाते, नाहीतर बायको."

फैजपूर येईपर्यंत मास्तर नसलेला ब्रेक दाबत राहिले.

फाटकात आबा होते, सासूबाई तानुबाई होत्या आणि मागे अख्खी गल्ली होती. रत्नाने गाडी एका दमात आत घेतली आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी केली. आबांचे डोळे भरून आले.

"एका दिवसात!" त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरले. "सकायी पोरगी शेजारी बसून गेली, अन् आता चालवत आली! मास्तर, तुम्ही आता चार दिवस धुळ्याले परत जात नाही."

मास्तरांनी रत्नाकडे पाहिलं. खरं सांगायला तिचा एक शब्द पुरला असता. ती प्रसाद वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतःच्या हाताने सीटवरचं प्लास्टिक फाडलं आणि पुढच्या काचेवर लाल रंगात शिकाऊचा 'एल' काढला. स्टिअरिंगवर तानुबाई, डावीकडे मास्तर. मागे आबा, आणि आपल्या पाळीची वाट बघत शेजारच्या भागाबाई व द्रौपदाबाई. सावद्याच्या रस्त्यावर तानुबाईंनी तिसऱ्यापर्यंत मजल मारली. मग चौथा टाकायला म्हणून दांडी खेचली आणि कुठेतरी भलतीकडेच कोंबली. इंजिनाने टाहो फोडला. मास्तरांचा उजवा हात आपोआप दांडीवर झेपावला.

मागून त्या हातावर फाटकन चापट बसली.

"हात काढा, मास्तर," आबा शांतपणे म्हणाले. "चुकल्याबिगर कोनी शिकते का?"