पिवळा वर, हिरवा खाली

फोटो बघायला लोक चष्मा लावतात; आमचे साठेकाका काढतात. दुकानात आले की जाड काचांचा चष्मा खिशात, मग पाच पावलं मागं दारापर्यंत, आणि तिथनं डोळे बारीक करून माझ्या कम्प्युटरकडं बघत राहणार. आत येणारं एखादं गिऱ्हाईक त्यांच्यावर आदळतंच.

काका बँकेतनं निवृत्त झालेले, मूळचे पुण्याचे, राहायला इथं जयपूरच्या मानसरोवर भागात. आठवड्यातनं दोनदा जीपनं झालानाच्या जंगलात बिबटे शोधायला जातात आणि आणलेला प्रत्येक फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायला लावतात. मोरसुद्धा. मी एकदा भीत भीत म्हटलं, मोराचा तरी रंग राहू द्या. तर म्हणाले, "रंग फार आगाऊ असतात रे सुभाष. जनावराच्या आधी पुढे येऊन उभे राहतात."

मी आठवीतनं शाळा सोडलेला, विट्याकडचा. जयपूरला आलो ते गलाईला, म्हणजे सोनं गाळायच्या भट्टीवर. धूर सोसेना. गावी परत जायच्या बेतात असताना चहाच्या टपरीवर काकांनी मला फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकलं, आणि त्याच आठवड्यात ह्या प्रिंटच्या दुकानात चिकटवलं. त्यामुळं काका आले की मी अजून खुर्चीतनं उठतो, आणि काही चुकेल म्हणून घामही फुटतो.

त्यांचा हुकूम एकच: "पिवळा वर, हिरवा खाली." मतलब, रंग काढताना पिवळ्याचं पांढरं करायचं, हिरव्याचं काळं. बिबट्या चुना फासल्यासारखा होतो, झुडपं कोळशासारखी. मालक विचारतात, "अंकलजी, ये तेंदुआ है या धोबी का धुला कुर्ता?" काका ढिम्म. दारातनंच, "अजून वर."

गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक मादी आणली. झुडपात बसलेली, एक कान फाटलेला. मला वाटलं, आता ह्या माणसाला काहीतरी चांगलं करून द्यावं. दुपारभर बसून राखाडीच्या इतक्या छटा काढल्या की मिशीचा केस न् केस दिसावा. मालकानं पहिल्यांदा पाठ थोपटली. काकांना औषधं घ्यायची घाई होती, त्यांनी प्रिंट गुंडाळलेलीच नेली.

दुसऱ्या दिवशी आले ते चष्मा लावूनच. प्रिंट टेबलावर पसरून जवळनं बघितली.

"सुंदर केलीयेस. पण हिला नाही सापडली."

मग कळलं. जीपमध्ये बिबट्या हेरायच्या त्या काकू; काका नुसतं बटण दाबायचे. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं काकूंची नजर गेली. आता काळ्यावर लख्ख पांढरं असेल तेवढंच दिसतं. पण हेरायचं काम अजून त्यांचंच, म्हणून काका जनावर कुठं आहे ते सांगत नाहीत. कागद मांडीवर देतात आणि शोधू देतात.

"काल बराच वेळ बोट फिरवलं तिने," काका म्हणाले. "मग म्हणाली, आज जीप रिकामीच आली वाटतं. मी हो म्हटलं."

मी पिवळा पार वर नेला, हिरवा पार खाली. मिश्या गेल्या. काका दाराकडं निघाले, तसा मीही उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि डोळे बारीक केले.

संध्याकाळी प्रिंट घेऊन मीच त्यांच्याबरोबर गेलो. गॅलरीत काकूंचं बोट कागदाच्या कोपऱ्यातनं निघालं, काळ्यातनं हळूहळू सरकलं, आणि थांबलं.

"ही काय, बसलीये," काकू म्हणाल्या. "कान फाटलाय गं बाई हिचा."

"कुठेय?" काका वाकून बघत म्हणाले. "मला तर काहीच दिसत नाहीये."

चष्मा त्यांच्या खिशात होता.