सूर्याचा केसपेपर

आमच्या गल्लीत सकाळी समोर आलेल्या माणसाला लोक "राम राम" म्हणत. आबा कंपाउंडर तसं म्हणत नसत. ते सूर्याची तब्येत सांगत.

"मास्तर, आज त्याले बरं नही शे."

मी तेव्हा नुकताच जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागलो होतो आणि आबांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती. मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. शेजारधर्म म्हणून चेहरा पाडून विचारलं, "कोणाला हो?" आबांनी छत्रीचं टोक वर केलं. वर मे महिन्यातला सूर्य होता.

"बठ्ठा अंगवर पुरळ उठेल शे," आबा म्हणाले, आणि छत्री उघडून दवाखान्याच्या वाटेला लागले.

ज्या गावात मे महिन्यात डांबरात चप्पल रुतून बसते आणि येणारा-जाणारा सूर्याला शिव्या घालतो, तिथे त्याच्या प्रकृतीची काळजी करणारा हा एकटाच माणूस. पंचेचाळीस डिग्रीत आम्ही ओले पंचे डोक्यावर टाकून बसलेलो असायचो आणि आबा म्हणायचे, "आपल्याला बाहेरून एवढं होतं, त्याच्या तर आतच ताप आहे."

आबा मूळचे नरडाण्याकडचे. एका डॉक्टरांकडे वीस वर्षं कंपाउंडर. बुटके, गोल चष्म्याचे, बोटांना कायम टिंक्चरचा पिवळा डाग. दवाखान्यात शुद्ध मराठी, घरी अहिराणी, गल्लीत दोन्ही. मिक्श्चरची बाटली भरली की तिच्यावर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस, आणि बाटली हातात देताना म्हणायचं, "लक्ष ठेवा, घाबरू नका." औषध खोकल्याचं असो की मुळव्याधीचं, वाक्य तेच. एकदा खुशीत असताना त्यांनी मला धंद्यातलं गुपितही सांगितलं होतं, "अर्धा पेशंट नुसता लाल पानीवर बरा व्हतस, मास्तर. आपलाकडे कोनी देखी राह्यनं, इतलंच त्यास्ले पाहिजे."

सूर्य हा त्यांचा खाजगी पेशंट, घरातल्या जुन्या दुर्बिणीतून तपासलेला. त्याचे रीतसर केसपेपर होते, दवाखान्यातल्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेले. पहिला कागद मी स्वतः वाचला आहे. नाव: सूर्यनारायण. वय: विचारले नाही. धंदा: उजेड. तक्रार: अंगावर काळे डाग, अधूनमधून भडका. उपचार: लक्ष ठेवणे. खाली बशीएवढं वर्तुळ, त्यात पेन्सिलीने काढलेले डाग आणि वर्तुळाच्या काठाने चिकटवलेली तीच ती डोसांची पट्टी. सूर्याच्या अंगावरचा डाग एका कडेला उगवतो, रोज थोडा सरकतो आणि तेरा-चौदा दिवसांनी दुसऱ्या कडेला मावळतो. म्हणून पट्टीला तेरा खाचा. "काल तिसऱ्या डोसावर होता, आज चौथ्यावर आला," असं आबा बोलू लागले की पानवाल्याला वाटायचं, कुणाचं तरी औषध चालू आहे.

मी भूगोलाचा मास्तर, पण सूर्याला डाग असतात हे मला कंपाउंडरकडून कळलं. आमच्या पुस्तकात सूर्याला एकच पान होतं आणि ते स्वच्छ छापलेलं होतं.

आबांचं नाव गल्लीच्या बाहेर गेलं ते रेडिओमुळे. एका सकाळी ते फारच गंभीर होते. "मोठं गळू शे. आज-उद्या फुटी." दुपारी नाक्यावरच्या सोनूभाऊच्या हॉटेलात शॉर्टवेव्हवर गाणी चालू होती. कडवं अर्ध्यात आलं आणि रेडिओ मुका झाला. सोनूभाऊने त्याला थापट्या मारल्या, वायर हलवली, शेवटी उचलून उलटा केला. अर्ध्या-पाऊण तासाने गाणी आपोआप परत आली, तोवर गल्लीतल्या सगळ्या रेडिओंना वाचा बसल्याची बातमी पसरली होती. संध्याकाळी लोक आबांच्या ओट्यावर जमले. आबांनी एवढंच सांगितलं, "फुटलं. आता आराम पडेल." सूर्यावर भडका उडाला की शॉर्टवेव्ह मुकी होते, हे मला पुढे पुस्तकात सापडलं.

त्यानंतर सोनूभाऊ रोज सकाळी विचारू लागला, "आबा, आज रेडिओ लागी का?" मग लोकांचा धीर वाढला. म्हैस दूध देत नाही, जावई घ्यायला येत नाही, वांग्याच्या भरताला चव नाही, सगळ्याचं खापर डागांवर फुटू लागलं. आबा सगळ्यांचं ऐकून घेत आणि म्हणत, "लक्ष ठेवा, घाबरू नका."

मी एकदा सुचवलं, "आबा, तुमची दुर्बीण गच्चीवर लावा ना. अख्खा सूर्य मोकळा पडला आहे. गल्लीही बघेल."

"नही. पेशंट घरमाच तपासना पडस."

एवढ्या गोड माणसाने इतकं तुटक बोलावं याचं मला नवल वाटलं. त्यांच्या घरात अक्का होत्या, त्यांच्या पत्नी, आणि त्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत हे गल्लीला ठाऊक होतं. आबा कुणाला ओट्याच्या आत घेत नसत.

मग एकदा इंजेक्शनच्या सुया उकळताना त्यांचा हात भाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी माझं दार वाजवलं. "मास्तर, दुर्बीण धराले या."

आत अंधार होता. खिडकीला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकलेला, त्याला एक भोक, आणि भोकात अर्धी दुर्बीण, म्हणजे दोन नळ्यांपैकी शाबूत राहिलेली एक, खिडकीच्या गजाला बँडेजने बांधलेली. तिच्यातून आलेला सूर्य समोर खाटेवर उतरला होता. खाटेवर अक्का उशांना टेकून बसल्या होत्या. उजवं अंग गेलेलं. मांडीवर पाट, पाटावर केसपेपर, आणि डाव्या हातात पेन्सिल. बशीएवढा सूर्य त्यांच्या मांडीवर थरथरत होता आणि त्या त्याच्या अंगावरचा एकेक डाग टिपत होत्या.

"कसा शे तो?" आबांनी विचारलं.

अक्का सावकाश बोलायच्या, जीभ जड झाली होती. "कालना डाग फुटी ग्या. त्याना दोन व्हयनात. रातले झोप लागनी नही व्हई त्याले."

सूर्य सारखा कागदावरून घसरत होता. तो घसरला की दुर्बीण जराशी हलवून त्याला पुन्हा वर्तुळात आणायचं, हे माझं काम. दीड तास मी सूर्य धरून उभा होतो.

बाहेर ओट्यावर आबा म्हणाले, "सहा वरीस व्हयनात तिले पडीसन. येनारा-जानारा एकच इचारस, कशी शे तब्येत? सांगी सांगी ती कटाळी गई. कोनसंगे बोलेच ना. मंग मी तिले एक पेशंट आनी दिधा. आते ती त्यानी तब्येत इचारस."

माझे डोळे भरून आले होते आणि मी ते अंधारातून एकदम उन्हात आल्यामुळे असं दाखवलं.

तेव्हापासून मला आत जायची मुभा मिळाली. सुट्टीच्या दिवशी मी दुर्बीण धरी, अक्का डाग काढत, आबा चहा करत. अशी चार-पाच वर्षं गेली. आणि मग तो प्रकार सुरू झाला.

डाग कमी होऊ लागले. दहाचे चार झाले, चाराचा एक. एका सकाळी आबा माझ्या दारात उभे राहिले आणि माणूस गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "मास्तर, पेशंट बरा व्हई राह्यना."

तोवर मी चार पुस्तकं वाचली होती. मी त्यांना समजावलं की सूर्याचं असंच असतं. दर अकरा वर्षांनी तो शांत होतो, अंग स्वच्छ होतं, मग पुन्हा डाग येतात, भडके उडतात.

"परत आजारी पडी?" आबांच्या चेहऱ्यावर आशा उमटली. "कव्हय?"

"दोन-तीन वर्षांत."

आबांनी बोटांवर वर्षं मोजली. "तिले तितला दम निंघाव नही," म्हणाले आणि निघून गेले.

तीन आठवडे केसपेपरवर एकच शेरा पडत होता: प्रकृती ठीक. अक्का कोऱ्या वर्तुळाकडे बघत आणि पेन्सिल खाली ठेवत. मग त्यांनी विचारणंच सोडलं. चहा गार होऊ लागला. तोंड भिंतीकडे. आबा दवाखान्यात चुकीच्या बाटलीला चुकीची पट्टी चिकटवू लागले. एरवी मी देवाकडे नोकरीत बढती मागायचो, त्या दिवसांत सूर्याला एखादं गळू होऊ दे अशी प्रार्थना केली. कुणाच्या वाईटावर मी कधी इतका मनापासून टपलो नव्हतो.

आणि एका सोमवारी आबा गल्लीत ओरडतच आले. "उना! डाग उना, मास्तर!"

खरोखर आला होता. कडेला एक टपोरा काळा डाग. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या डोसावर, तिसऱ्या दिवशी तिसऱ्यावर. अक्का पुन्हा उशांना टेकून बसल्या. "एकलाच शे, पन ठनकत व्हई," म्हणाल्या. आबांच्या चालीला स्प्रिंग लागली.

रविवारी मी दुर्बीण धरायला गेलो. डाग मधोमध होता. खऱ्या डागाला भोवती फिकट कडा असते, याला नव्हती. तेवढ्यात सूर्य नेहमीसारखा कागदावरून घसरू लागला. सूर्य घसरला, डाग जागच्या जागी राहिला. सूर्य जाऊ लागला होता आणि त्याचा आजार तिथेच बसून होता.

मी दुर्बिणीच्या काचेकडे बघितलं. काचेवर काजळाचा एवढासा ठिपका होता, सुईच्या टोकाने ठेवलेला. आबा रोज सकाळी तो पुसून एक डोस पुढे ठेवत असणार. मी मान वळवली. आबा माझ्याकडेच बघत होते, बाटलीत लाल पाणी भरताना पकडले गेल्यासारखे. मी सूर्य ओढून पुन्हा डागाखाली आणला. आबा सुस्कारा सोडून चहा टाकायला आत गेले.

स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, तशा अक्का हळूच म्हणाल्या, "मास्तर, सूर्य सरकना. डाग सरकना नही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"पहिला दिनपासून. इतला वरीस देखी राह्यनू त्याले. माले समजाव नही का?"

"मग तुम्ही रोज काढता कशाला?"

अक्कांनी स्टोव्हच्या आवाजाकडे मान केली. "त्यास्ले कोनी आजारी पाहिजे. माले देखी देखी ते थकी ग्यात, मास्तर, पन बोलतस नही. हाऊ पेशंट उना तव्हयपासून गाना म्हनतस. त्यास्ले सांगू नका."

आबा चहा घेऊन आले. एक कप माझ्या हातात दिला, दुसरा बशीत ओतून अक्कांच्या तोंडाशी धरला. मग वाकून कागदाकडे बघत विचारलं, "कसा शे तो?"

अक्कांनी त्या काजळाच्या ठिपक्याभोवती पेन्सिल दोनदा गोल फिरवली. डाग होता त्यापेक्षा मोठा दिसू लागला.

"आज जास्ती शे," त्या म्हणाल्या. "तुमी लक्ष ठेवा."

"ठेवस ना," आबा म्हणाले. "तू घाबरू नको."