चाचांचा फोटो हलेना

अयोध्येचं लग्न झालं ते २००८ साल. लग्न माघात उरकलं आणि त्याच उन्हाळ्यात तिचा थोरला भाऊ सुदाम यानं लातुरात स्वतःचा क्लास काढला. तोवर तो दुसऱ्याच्या मोठ्या क्लासात फिजिक्स शिकवायचा. ती नोकरी त्यानं सोडली, एक हॉल भाड्यानं घेतला, बाहेर पाटी लावली आणि पालकांची सभा बोलावली. या सभेत नावं नोंदली गेली तर क्लास चालणार होता. नाहीतर पाटी उतरवून जुन्या मालकापुढं जाऊन उभं राहावं लागणार होतं, आणि जुना मालक त्याचीच वाट बघत होता.

त्या काळात लातुरात दूधवाल्याच्या आधी क्लासची पोरं रस्त्यावर दिसायची. उदगीर, निलंगा, अहमदपूरहून पालक एसटीनं यायचे आणि बाजारात बैल बघावेत तसे क्लास बघत फिरायचे. मोठ्या क्लासवाल्यांच्या सभेत आता भिंतीवर चित्रं हलायची. नुसता तोंडानं बोलणारा मास्तर पालकांना जुना वाटायला लागला होता. म्हणून सुदामनंही प्रेझेंटेशन करायचं ठरवलं, आणि ते काम शारिकला दिलं.

शारिकचं गंजगोलाईजवळ लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान होतं. अयोध्येची पत्रिका त्यानंच केली होती. त्यामुळे सुदामच्या क्लासचं प्रेझेंटेशनही त्यानं पत्रिकेसारखंच केलं. चारी बाजूंनी गुलाब, वर तोरण, कोपऱ्यात तेवणारी समई. न्यूटनचे नियम केळीच्या खांबांच्या मधून येत होते.

सभेच्या आदल्या दिवशी दोघं दुकानात ते बघायला बसले. शारिकनं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

"काय झालं?"

"येऊन राहिलंय, सुदामभाई. सबर करा."

सबर केली. चहा आला, पिऊन झाला. मग कुठं पहिलं चित्र उगवलं.

"शारिक, उद्या असं झालं तर पालक चालले स्टँडवर."

"मशीन थकलंय. बंद करून चालू करू."

बंद करून चालू केलं. तेवढंच सावकाश. शारिकनं आतली जुनी गाणी पुसली, लग्नाचे व्हिडिओ पुसले, त्याचा आवडता गाड्यांचा खेळसुद्धा डोळे मिटून पुसला. फरक नाही. मग त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडली आणि टेबलफॅन आणून आत वारा सोडला. मशीन गार झालं, पण चित्र काही पुढं सरकेना. मग गुलाब काढले. केळीचे खांब काढले. समई काढताना शारिकचा जीव थोडा खाली-वर झाला, पण तीही विझवली. बाकीच्या स्लाइडी आता पळायला लागल्या. पहिली मात्र होती तिथंच.

पहिल्या स्लाइडीवर चौकटीत एक फोटो आणि खाली एक ओळ, एवढंच होतं. फोटो होता लालमहंमद चाचांचा.

लालमहंमद म्हणजे शारिकचे सख्खे चुलते. गाद्या, रजया भरून द्यायचा त्यांचा धंदा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा निलंग्याकडच्या एका गावात सुदामचे वडील ग्यानोबा घराखाली गेले. दोन-तीन दिवसांनी लालमहंमद टेंपोभर रजया वाटायला त्या गावात गेले होते. येताना टेंपो रिकामा होता, त्यात ते सुदाम, अयोध्या आणि त्यांची आई रुक्मिणबाई यांना घेऊन आले. चार दिवसांसाठी म्हणून आणलेली ही माणसं त्यांच्या मागच्या खोलीत कितीतरी वर्षं राहिली. सुदाम तिथंच शिकला.

पण या माणसाची एक खोड होती. त्यांना उपकाराचं बोललेलं चालत नसे. सुदामनं कधी "चाचा, तुम्ही होता म्हणून..." असं सुरू केलं, की ते म्हणत, "आधी पंखा लाव रे, लई उकडून राहिलंय." थंडीतसुद्धा. अयोध्येच्या लग्नात शारिकनं मांडवाच्या दारात त्यांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावायला काढला, तर त्यांनी तो छापूच दिला नाही. तोंडावर ऐकत नाहीत, तर निदान भिंतीवर तरी चार लोकांदेखत त्यांचं नाव घ्यावं, असा सुदामचा बेत होता. चाचांना त्यानं फक्त सभेला या, एवढंच सांगितलं होतं.

"घोळ सापडला," शारिक म्हणाला. "हा त्या फ्लेक्सचाच फोटो हाय. दहा फूट बाय आठ फूट."

"मग लहान कर की."

शारिकनं फोटोचा कोपरा धरून आत ओढला. फोटो पोस्टकार्डाएवढा झाला. बटण दाबलं. तेवढाच वेळ. अजून ओढला, पोस्टाच्या तिकिटाएवढा केला. तरी तेवढाच वेळ. रजई घडी घालून कितीही लहान केली तरी खांद्यावर घेतल्यावर तिचं वजन तेवढंच लागतं, तसं ते होतं. पण हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"चाचा मच्छराएवढे दिसून राहिलेत," सुदाम म्हणाला. "पहिल्यासारखं कर."

"मग फोटोच काढून टाकू."

"न्हाई."

"शेवटी टाकू. लोकं तोवर नावं नोंदवतील."

"आधी नमस्कार, मग धंदा. आपल्याकडं कुठला कार्यक्रम नमस्काराशिवाय सुरू होतो?"

"सुदामभाई, फोटोपायी क्लास बुडंल."

"बुडू दे," सुदाम म्हणाला. म्हणाला खरं, पण घरी जाऊन जेवला नाही.

रविवारी सकाळी हॉल भरला. पुढच्या रांगेत उदगीरचे चंद्रप्पा बसले होते. मोंढ्यात त्यांची अडत होती, आणि ते जिथं मान डोलावतील तिथं उदगीरचे बाकीचे पालक डोलावत. दहावी झालेला पुतण्या वीरभद्र त्यांच्या शेजारी होता. चंद्रप्पांना सभांचा फार नाद. सत्कार असो, उद्घाटन असो, शोकसभा असो, त्यांच्यावाचून पार पडत नसे. मागच्या रांगेत लालमहंमद आणि त्यांच्या बायको हाजराबी बसले होते. टेबलावर एक हार होता. तो चाचांच्या गळ्यात अचानक घालायचा, असं ठरलं होतं.

सुदाम उभा राहिला. "सुरुवातीला आपण ज्यांच्यामुळे..." एवढं बोलून त्यानं शारिककडं बघितलं. शारिकनं बटण दाबलं.

भिंतीवर आधी काळी चौकट आली. मग चौकटीत लालमहंमद आले. जुना, काळा-पांढरा फोटो. खाली एकेक अक्षर उतरत 'लालमहंमद' एवढं नाव आलं. त्याच्यापुढं 'यांचे आशीर्वाद' असं यायचं होतं. ते आलं नाही. मशीन घुर्रर्र करत राहिलं आणि सगळं जिथल्या तिथं थांबलं.

सुदाम मान खाली घालून मशीनच्या वायरीकडं बघत राहिला. शारिक खाली मान घालून बटण दाबत होता, पुन्हा पुन्हा दाबत होता.

काळी चौकट, न हलणारा फोटो, मान खाली घातलेली दोन माणसं. चंद्रप्पांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी टोपी सारखी केली आणि उठून उभे राहिले. उदगीर उठलं. मग अहमदपूर उठलं, निलंगा उठलं. खुर्च्यांचा आवाज झाला आणि सगळा हॉल माना खाली घालून उभा राहिला.

मागच्या रांगेत लालमहंमदही उठले.

हाजराबीनं त्यांचा सदरा ओढला. "तुम्ही काहून उठले जी?"

"समदे उठले. मी एकलाच बसू का?"

"अल्ला! अहो, तुमच्यासाठीच उठलेत ना ते!"

"मग तर उठायलाच पायजे. आपल्यासाठी लोकं उभं ऱ्हायलेत अन् आपण बसायचं?"

दोन मिनिटं झाली. पण फोटो हलेना, आणि फोटो समोर असताना आधी बसायचं कुणी? चंद्रप्पांचे गुडघे भरून आले, तरी ते रेटून उभे होते. अखेर त्यांनी "ओम शांती" म्हटलं आणि टेबलावरचा हार उचलला. भिंतीवर खिळा होताच. त्यांनी हार खिळ्याला अडकवला, तेव्हा कुठं लोक खाली बसले. त्यांच्या हाताची सावली क्षणभर चाचांच्या दाढीवरून फिरली.

मग ते वळून म्हणाले, "मास्तर, मोठी हानी झाली. मी काही यांना वळखत नव्हतो, पण चेहऱ्यावरनं माणूस कळतंय. तुम्ही दोन शब्द बोला. जाणाऱ्याबद्दल बोलावं."

सुदाम पेचात पडला. माणूस जिता आहे म्हणावं, तर एवढ्या पालकांदेखत चंद्रप्पांची फजिती. त्यांच्यामागं उदगीर उठून जाणार, उदगीरच्या मागं बाकीचे. आणि नाही म्हणावं, तर डोळ्यांसमोर बसलेल्या चाचांना मेलं म्हणायचं. त्यानं मागं बघितलं. हाजराबी काहीतरी ओरडायच्या बेतात होत्या. लालमहंमदांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सुदामला मानेनं खूण केली. बोल म्हणाले.

सुदामच्या ध्यानात आलं की आज चाचांना पंखा लाव म्हणता येणार नाही. एवढ्या लोकांत मेलेल्या माणसानं बोलायचं कसं?

तो बोलायला लागला. फिजिक्सचं सोडून सगळं बोलला.

"भूकंपानंतर आम्ही यांच्या घरी आलो तेव्हा माझी बहीण छपराखाली जायला तयार नव्हती. छत दिसलं की किंचाळायची. यांनी अंगणात गाद्या टाकल्या. आम्हाला एकटं वाटू नये म्हणून हे आणि चाचीबी बाहेर झोपले. थंडी सरेस्तोवर झोपले. गल्लीतली लोकं विचारायची, घर असून बाहेर काहून झोपता? तर हे सांगायचे, घरात ढेकूण लई झालेत. गादीवाल्याच्या घरात ढेकूण! यांचं गिऱ्हाईक तुटलं त्यानं. पण माझ्या बहिणीला लोकांनी भित्री म्हणू नये म्हणून यांनी शेवटपर्यंत ढेकूणच सांगितले."

हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. हाजराबी पदराआडून म्हणाल्या, "मला वाटायचं, खरंच झालेत. मी रोज खाटा उन्हात टाकायची."

"मी दुकानात बसून अभ्यास करायचो," सुदाम पुढं म्हणाला. "केसांत कापूस बसायचा. शाळेत पोरं मला म्हातारा म्हणायची. यांना कळलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो तेव्हा दाराशी यांनी माझं डोकं स्वतः झाडलं. मग दहावी होईस्तोवर रोज झाडलं. मला कधी आभार मानता आले न्हाईत. आज मानतो. चाचा, तुम्ही होता म्हणून मी हाय."

लालमहंमदांनी तोंड उघडलं. मग सवयीनं वर पंख्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटलं.

तेवढ्यात मशीनला जाग आली. शारिकनं घाबरून जेवढ्या वेळा बटण दाबलं होतं, तेवढं सगळं त्याला एकदम आठवलं. न्यूटन आला नि गेला, वेळापत्रक गेलं, प्रकाशाचे किरण सुसाट गेले, आणि भिंतीवर अक्षरं येऊन थांबली, 'धन्यवाद. प्रश्न विचारा.'

"झालं का?" चंद्रप्पांनी विचारलं.

"झालं," सुदाम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"लई चांगलं. थोडक्यात सांगितलं."

चहा आला. पालक कप घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुजत होते. नोंदणीच्या टेबलाशी कुणीच गेलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष चंद्रप्पांकडं. अशा वेळी लालमहंमदांना राहवेना. घरचं कार्य आहे असं समजून त्यांनी ट्रे उचलला आणि पहिला चहा चंद्रप्पांपुढं धरला.

"घ्या. साखर बराबर हाय का बघा."

चंद्रप्पांनी कप घेतला, वर बघितलं, मग खिळ्यावरच्या हाराकडं बघितलं आणि पुन्हा वर बघितलं.

"तुम्ही... त्यांचे भाऊ का?"

"न्हाई जी. मीच."

"मग माझ्यासंगं उभे काहून ऱ्हायले?"

"समदे उभे होते. एकट्यानं बसणं बरं दिसत न्हाई."

चंद्रप्पांनी कप वीरभद्रच्या हातात दिला. सुदामनं मनातल्या मनात पाटी उतरवायला सुरुवात केली. मग चंद्रप्पा उठले, भिंतीशी गेले, खिळ्यावरचा हार काढला आणि लालमहंमदांच्या गळ्यात घातला.

"एवढ्या शोकसभा केल्या," ते म्हणाले, "पण मयतानं चहा पाजलेली ही पयलीच." आणि मग त्यांना असं हसू फुटलं की वीरभद्रला त्यांना धरून खुर्चीवर बसवावं लागलं. हसणं थांबल्यावर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत ते पुतण्याला म्हणाले, "जा रे, नाव लिव. ह्या मास्तरला फोटो हलवता येत न्हाई, पण ह्याच्या ध्यानातनं काही जात न्हाई. तुला असाच पायजे."

वीरभद्र टेबलाशी गेला. उदगीर गेलं. उन्हाचा तडाखा वाढायच्या आत अहमदपूर आणि निलंगाही गेलं. रुक्मिणबाई दारातून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आज बोलू दिलं बरं का तुम्ही पोराला."

"काय करता, वैनी?" लालमहंमद म्हणाले. "मेल्यावर माणसाचं चालत न्हाई."

क्लास चालला. पुढं मोठ्या जागेत गेला. वीरभद्र इंजिनिअर झाला. चंद्रप्पांनी ही हकिकत इतक्या सभांमध्ये सांगितली, की उदगिरात अर्ध्या लोकांना लालमहंमद हयात आहेत हे माहीत झालं, आणि उरलेल्या अर्ध्यांनी घाईनं फक्त पहिला भाग ऐकला. त्यामुळे अकरा वर्षांनी खरा निरोप गेला तेव्हा तिकडून दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "पुन्हा?"

लालमहंमद २०१९ साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, घरीच वारले. हाजराबी, सुदाम आणि अयोध्या जवळ होती.