निरोगी नळीचा दाखला

यॉर्कशरमधील टॅनर्स रो या गल्लीतील सतरा क्रमांकाच्या घरी सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी एका विमा कंपनीचे पत्र आले. आपल्या घराखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळीचे, कुंपणापर्यंतचे मालक आपण स्वतः आहात याची आपणास कल्पना आहे काय, असा प्रश्न पत्राच्या आरंभीच विचारलेला होता. क्लिफर्ड ॲक्रॉइड यांना कल्पना नव्हती. या घरात ते एकेचाळीस वर्षे राहत होते. इतकी वर्षे पायाखालच्या अंधारात कोणीतरी आपले नकोसे सारे काही निमूटपणे वाहून नेत होते आणि आपण त्याची एकदाही विचारपूस केली नाही, या जाणिवेने ते हळवे झाले. पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात त्या हळवेपणाचा मासिक हप्ता दिलेला होता.

क्लिफर्ड बस कंपनीच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झाले होते. कागदाच्या मधोमध रेघ मारल्याशिवाय ते कोणताही निर्णय घेत नसत. त्यांनी रेघ मारली. उजवीकडे, 'विमा घेऊ नये' या मथळ्याखाली, त्यांनी लिहिले : 'नळी गेली एकशे दहा वर्षे ठणठणीत.' थोड्या वेळाने तेच वाक्य त्यांनी डावीकडेही लिहिले, कारण एकशे दहा हे काही कमी वय नव्हे.

"काय चाललंय?" त्यांच्या पत्नीने, ब्रेंडाने, विचारले. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते. त्यातच डॉक्टरांनी तिला रोज सकाळी लघवी साफ होण्याची एक गोळी दिली होती, आणि ती गोळी आपले काम अत्यंत निष्ठेने करीत असे. घरातील एकमेव शौचालय स्वयंपाकघराच्या मागे होते. ब्रेंडाच्या खुर्चीपासून त्या दारापर्यंत काठी टेकत बरोबर अकरा पावले पडत. सध्या तिचे जग तेवढेच होते.

"आपल्या नळीचा विमा घ्यावा की नाही, ते ठरवतोय."

"तिला काय झालंय?"

"काही नाही."

"मग तिला राहू दे की सुखानं."

परंतु नीट चौकशी केल्याशिवाय नाही म्हणणे क्लिफर्ड यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी फोन लावला. बेचाळीस मिनिटे संगीत ऐकल्यावर केली नावाची मुलगी बोलू लागली.

"या नळीबद्दल मागच्या दहा वर्षांत काही तक्रार, मिस्टर ॲक्रॉइड?"

दुसरा कोणीही 'नाही' म्हणाला असता. क्लिफर्ड यांनी चौतीस वर्षांत आठ बेचाळीसची बस कधी आठ चाळीसची म्हणून लिहिली नव्हती.

"तक्रार अशी नाही. जोराचा पाऊस झाला की जरा गुडगुडते, एवढंच."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. "किती वर्षांपासून गुडगुडतेय?"

"आम्ही आलो तेव्हापासून. काळजीचं काही नाही. माणसाच्या पोटात होतं ना, तसं."

"म्हणजे जुनं दुखणं," केली मायेने म्हणाली. "जुन्या दुखण्याला विमा मिळत नाही हो. पण काळजी करू नका. ते दुखणं नाहीये असा दाखला आणलात, की काम झालं."

"आणि मी विमा घेतलाच नाही तर?"

"तर तुमची मर्जी. पण आता आमच्याकडे नोंद झालीय ना. उद्या घर विकायचं म्हटलंत, तर घेणारा विचारणारच. मी तुमच्या जागी असते, तर दाखला आणला असता."

अशा रीतीने, एका सुदृढ नळीला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी दुखणे जडले.

दाखला देण्यासाठी गुरुवारी एका तपासणी कंपनीचा गॅरेथ नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने परसातील चेंबरचे झाकण उचलले आणि लांब वायरीच्या टोकाला लावलेला कॅमेरा आत सोडला. क्लिफर्ड छोट्या पडद्याकडे पाहत राहिले. भाजक्या मातीची ती ओलसर, लालसर वाट दिव्याच्या उजेडात चमकत होती. तिच्यावर कुठेही तडा नव्हता. एखाद्या निर्मनुष्य चर्चमध्ये शिरावे तसे त्यांना वाटले, आणि त्यांनी नकळत डोक्यावरची टोपी काढली.

"फर्स्ट क्लास," गॅरेथ म्हणाला. "हल्ली अशी नळी बघायला मिळत नाही. फक्त त्या वळणापलीकडं एकदा बघून घेतो."

वळणावर कॅमेरा अडकला. गॅरेथने वायर ओढली. वायर आली, कॅमेरा आला नाही.

गॅरेथने प्रामाणिकपणे अहवाल लिहिला : 'नळी उत्तम स्थितीत. आत एक बाह्य वस्तू आढळली. वस्तूचे वर्णन : कॅमेरा.' त्यानंतर त्याने चेंबरच्या झाकणावर पिवळी सूचना चिकटवली. आतील उपकरण तपासणी कंपनीच्या मालकीचे असल्याने साधनहानी विभागाचा निर्णय होईपर्यंत नळीत पाणी सोडू नये, काठी घालू नये आणि फ्लश करू नये.

"पण आमच्याकडे हे एकच आहे हो," क्लिफर्ड म्हणाले. "आणि माझ्या बायकोला सकाळी गोळी असते."

"वाईट वाटतंय मला, खरंच," गॅरेथ म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होते. "शेजारी कसे आहेत तुमचे?"

शेजारी डोरीन सग्डेन ही विधवा बाई राहत असे. विमा कंपन्यांची पत्रे ती मांजराच्या बशीखाली अंथरी. तिची नळी वेगळी होती आणि व्यवस्थित चालू होती. अडचण एवढीच होती, की टॅनर्स रोमध्ये कोणाच्या घरी जाऊन थेट त्या दाराकडे वळण्याची पद्धत नव्हती. आधी बसायचे, हवेविषयी बोलायचे आणि चहा घ्यायचा. ब्रेंडा एक कप चहा घेई, मग जाऊन येई आणि घरी परते. पाऊण तासाने चहा आणि गोळी यांचे एकमत होई, आणि ती पुन्हा काठी उचली.

"तू आधीच का सांगत नाहीस, चहा नको म्हणून?" क्लिफर्ड यांनी विचारले.

"म्हणजे मी फक्त त्यासाठीच आले असं दिसेल."

"तू त्यासाठीच जातेस, ब्रेंडा."

"म्हणूनच तसं दिसता कामा नये."

पहिल्या दिवशी तिने सात कप चहा घेतला, दुसऱ्या दिवशी नऊ. क्लिफर्ड स्वतः सार्वजनिक वाचनालयात जात. चौथ्या दिवशी, सहाव्या फेरीच्या वेळी, ब्रेंडाचा गुडघा सुजला.

"अगं, सारखी ये-जा कशाला करतेस?" डोरीन म्हणाली. "माझ्या पुढच्या खोलीत झोप की. माझ्या नळीला मी कधी कशी आहेस म्हणून विचारलं नाही, आणि तिनंही मला विचारलं नाही. दोघी सुखात आहोत."

ब्रेंडाने दोन नाइटड्रेस आणि आपली उशी नेली.

क्लिफर्ड रोज फोन करीत. एक प्लंबर येऊन सूचना वाचून गेला. दहा मिनिटांचे काम आहे, पण हात लावणार नाही, असे तो म्हणाला. साधनहानी विभागाने कॅमेऱ्याचे छायाचित्र मागवले. ते कॅमेऱ्यानेच काढता आले असते, असे क्लिफर्ड यांनी कळवले. त्यावर, कॅमेरा सध्या सेवेत नाही, असे उत्तर आले.

एकोणतिसाव्या दिवशी केलीचाच फोन आला. ती आनंदात होती.

"मिस्टर ॲक्रॉइड, तुमची नळी पास झाली. अठ्ठावीस दिवसांत एकदाही गुडगुडली नाही."

"तिच्यातून काही जातच नाहीये."

"हो ना, म्हणूनच आमच्या भाषेत ती आता सर्वांत कमी जोखमीची नळी आहे. फक्त ती अशीच राहिली पाहिजे, एवढी एकच अट." नंतर थोडे हळू आवाजात ती म्हणाली, "आणि पहिल्या वर्षाला सवलत आहे."

क्लिफर्ड यांनी कागदावरची रेघ पाहिली. डावी बाजू आता स्पष्टच जड होती. त्यांनी सही केली आणि पॉलिसी घेऊन ते शेजारी गेले. डोरीनने चहा ओतला. हवेविषयी बोलून झाले.

"मग आता मी घरी येऊ?" ब्रेंडाने विचारले. तिने काठी हातात घेतलीही होती.

"ये ना. फक्त वापरायचं नाही."

"आणि वापरलं तर?"

"विमा रद्द होईल."

"नाही वापरलं तर?"

"मग नळीला काहीही झालं, तरी चोवीस तासांत माणूस हजर."

"पण वापरलीच नाही, तर तिला होणार काय?"

"म्हणून तर हप्ता इतका कमी आहे."

ब्रेंडाने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि डोरीनला विचारले, कपाटातला एखादा खण रिकामा आहे का.

क्लिफर्ड एकटेच घरी परतले. घर इतके शांत होते, की त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. पॉलिसीत कबूल केलेली मनःशांती ती हीच असावी, असे त्यांना वाटले.

वाचकहो, आपण क्लिफर्डना भोळे म्हणाल. 'काही तक्रार?' अशा प्रश्नाला 'नाही' म्हणायचे असते, हे आपल्याला केव्हापासूनच ठाऊक आहे. आरोग्यविम्याच्या अर्जावर 'पूर्वीचा आजार' या शब्दांपुढे आपण 'नाही' लिहून सही केली, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी त्याच टेबलावर पडलेली होती. ती कंपनीने अजून पाहिलेली नाही. आपण दवाखान्यात दाखल होईपर्यंत पाहणारही नाही.