बातमीनंतरचा चहा

ज्याच्याविरुद्ध सकाळी बातमी छापून आली, त्याच्याच घरी त्याच सकाळी चहाला जाणारा संपादक तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. त्याच्या स्कूटरवर मागे बसून गेलेही आहे.

रुस्तुमकाका त्यांचं नाव. नावावरून पैलवान वाटेल. पण उन्हाळ्यात परभणीत वावटळ सुटली की आम्ही आधी खिडकी लावायचो आणि मग काका जागेवर आहेत ना ते बघायचो. बसस्टँडमागच्या गल्लीत खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आमचं चार पानी दैनिक. दैनिकाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही वाचलेलं नसणार.

अंक बाहेर पडला की काका एक प्रत बगलेत मारत, पायात चप्पल सरकवत आणि म्हणत, "चल ग बाई, तोंड दाखवून येऊ."

ज्याची लाज छापली त्याच्या दारात जायचं. तो शिव्या देईल तितक्या ऐकायच्या. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर पाणी मागायचं. एका अभियंत्याने मुद्दाम साखरेऐवजी मीठ घालून चहा दिला. काकांनी तो बशीत ओतून, फुंकर मारून प्यायला आणि म्हणाले, "अजून अर्धा असंल तर द्या." अभियंता हसला. हसल्यावर त्याने जे सांगितलं ती आमची पुढची बातमी झाली.

एका गुत्तेदाराने कुत्रा सोडला होता. गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार. आमच्याकडे त्याला असंच म्हणतात. त्याच्यावर काकांनी इतक्यांदा लिहिलं की शेवटी कुत्रा शेपूट हलवायला लागला. गुत्तेदार मात्र अजून भुंकतो.

मला हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. मी पालमच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालाची मुलगी. अक्षरओळख झाली ती बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर. आमच्या घरात उरलेल्या पत्रकांवर भाकरी ठेवायचे. भाकरी उचलली की खाली 'जाहीर निषेध' दिसायचा. पत्रकात निषेध असतो, धिक्कार असतो, एल्गार असतो. चहा नसतो. पहिल्या आठवड्यातच मी काकांना म्हणाले, "ही तडजोड आहे."

"तडजोड छापायच्या आधी असती बाई," काका म्हणाले. "आपण छापून जायलोत. त्या माणसानं बोलायचं कोणाला? कागदाला? आणि उद्या त्याच्या दारात उभं राहायचंय म्हटल्यावर आज तू लिहिताना दोनदा बघतीस का न्हाई?"

बघत होते. हे कबूल करायला मला सहा महिने लागले.

काकांचं दुसरं वेड म्हणजे 'खळबळ'. आमच्याकडच्या बातम्यांचा शेवट ठरलेला असतो. चोरी झाली की परिसरात खळबळ उडते, कोणी गेलं की हळहळ व्यक्त होते. माझी पहिलीच बातमी झरी गावातल्या चोरीची. तिच्या शेवटी मी सवयीने खळबळ उडवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कोण खळबळलं?"

"म्हणजे... लोक."

"नाव सांग. झरीला गेली व्हतीस ना? कोणत्या गल्लीत उडाली? तुला दिसली का?"

मी म्हणाले, "लोक शांतच होते. कापूस वेचायला गेले होते."

"मंग तसं लिही. चोरी झाली, लोक कापूस वेचायला गेले. लय भारी बातमी हाय ती."

त्यांच्या हाताखाली पोरं यायची आणि जायची. पत्रकारितेचा कोर्स करून डोळ्यांत ठिणग्या घेऊन यायची. एक पुढाऱ्याचं सोशल मीडिया सांभाळायला गेला. आता रोज त्या पुढाऱ्याला सकाळची 'शुभ सकाळ' तोच लिहून देतो. एक पोलिस भरतीला गेला. एकाने स्वतःचं चॅनेल काढलं. माईकवर चॅनेलचं नाव मोठं, चॅनेलमध्ये तो एकटा. प्रश्न तोच विचारतो, मोबाईल तोच धरतो. मी या पोरांना दोष देत नाही. जिल्ह्याच्या पत्रकाराला ओळखपत्र मिळतं, जाहिराती आणायचं टार्गेट मिळतं. पगार विचारला की सगळे दुसऱ्या विषयावर बोलतात. त्या तरुणांना विकाऊ म्हणणाऱ्यांनी आधी एक महिना त्यांच्या डब्यात डोकावावं.

मलाही जायचं होतं. पुण्यातल्या एका न्यूज पोर्टलने तरुण वार्ताहर मागवले होते. खेडोपाडी फिरून बातम्या आणायचं खरं काम. अट एकच: स्वतःच्या नावाने छापलेल्या बातम्या पाठवा. आणि माझ्या नावाने छापलेली एकही बातमी नव्हती. काका नाव छापतच नसत. सगळं 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

"ती प्रतिनिधी मीच आहे असं कळवू का त्यांना?" मी चिडून विचारलं.

"कळव की."

"असं कोणीही म्हणेल, काका! मला नाव पाहिजे."

"बातमी खरी हाय ना? मंग नावाचं काय लोणचं घालायलीस?"

मला वाटायचं, म्हातारा श्रेय खातो. त्यात भर म्हणजे ते दारोदार जाऊन माझ्या वाट्याच्या शिव्यासुद्धा खायचे. "मीच लिहिलं हो," असं छाती पुढे काढून सांगायचे. शिव्यांवर तरी माझा हक्क असावा की नाही?

मग व्यायामशाळेची बातमी आली. सोनपेठकडचं एक गाव, नाव नको. सरकारी पैशाने व्यायामशाळा झाली, फीत कापली, फोटो निघाले. मी गेले तेव्हा व्यायामशाळेत कडबा रचलेला आणि सामान सरपंचाच्या गोठ्यात. डबल बारला एक गोंडस वासरू बांधलेलं. फोटो पहिल्या पानावर गेला. शब्दाला शब्द माझा, आणि वर 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

सकाळी स्कूटर सोनपेठकडे. सरपंच ओसरीवरच होते.

"या, या रुस्तुमराव! बेइज्जती करून मन भरलं न्हाई का? गोठ्यात तर वासरू हसायलंय मला!"

"मीच लिहिलं हो," काकांनी सुरू केलं.

"मी लिहिलं," मी पुढे होऊन म्हणाले. "फोटोही मीच काढला. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

सरपंच गोंधळले. पोरीबाळींना शिव्या द्यायची त्यांना सवय नसावी. आतल्या बाजूला वळून ओरडले, "चहा टाका ग!" मग बराच वेळ धुसफुसत बसले आणि एकदम म्हणाले, "माझंच वासरू दिसलं का तुमाला? समद्या गावांत सामान देणारा गुत्तेदार एकच हाय. बाकीच्या गावात जाऊन बघा. तिथं तर वासरू बांधायला डबल बार बी न्हाई."

मी कान टवकारले. बातमीनंतरच्या चहाने मला माझी सगळ्यात मोठी बातमी दिली होती. निघताना सरपंच काकांना हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं: "आधी त्या मास्तरच्या पोराचं वाटोळं केलंत. आता ही का?"

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "कोण मास्तर?" काकांनी स्कूटरचा वेग वाढवला. ती स्कूटर वेगाने जात नाही, नुसता आवाज वाढवते. त्या आवाजात उत्तर बुडालं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी एसटीने गावं पालथी घातली. एका गावात व्यायामशाळेची नुसती पाटी, एका गावात पाटीसुद्धा नाही, फक्त कागदावर कुलूप आणि कागदावर किल्ली. बिलं मात्र सगळी निघालेली. ग्रामसेवक बोलले, तरुण पोरं कॅमेऱ्यासमोर बोलली. गुत्तेदाराचं म्हणणंही घेतलं, तो म्हणाला, "सामान वाटेत हाय." बातमी लिहून काकांसमोर ठेवली आणि सांगितलं, "ही नावानिशी जाणार. नाहीतर मी पुण्याला नाही, थेट घरी जाते."

काकांनी बातमी दोनदा वाचली. एकही शब्द खोडला नाही. "सोमवारी बघू," म्हणाले.

रविवारी मी पालमला घरी होते. दुपारी दारात काका उभे. बगलेत अंक नव्हता. हातात केळीची फणी होती. आई हातातलं काम टाकून पुढे आली.

"काय केलं हिनं?"

"अजून काय न्हाई केलं," काका म्हणाले. "उद्या करणार हाय. म्हणून तोंड दाखवायला आलो."

बाबांनी सतरंजी अंथरली. काका बसले. नेहमी दुसऱ्याच्या ओसरीवर निवांत बसणारा हा माणूस आमच्या घरात मात्र सारखी टोपी काढत घालत होता.

"बातमी पक्की हाय," ते बाबांना म्हणाले. "पण हिला तिच्यावर नाव पायजे. त्या गुत्तेदाराच्या भावाची आडत तुमच्याच मोंढ्यात हाय. उद्या त्याचा राग तुमच्यावर निघंल."

मी उसळले. "काका, नाव माझं आहे. बाबांना काय विचारता?"

"तुला काय विचारू? तू तर हो म्हणून बसलीस. पोट यांचं हाय." मग माझ्याकडे न बघता त्यांनी बाबांना सांगितलं. "आधी एक पोरगं होतं माझ्याकडं. लय हुशार. त्याचं नाव छापलं मी, मोठ्या अक्षरात. त्याच्यापेक्षा हौस मलाच. बाप संस्थेच्या शाळेत मास्तर, आणि बातमी संस्थेवाल्याच्या भाच्याची. सकाळी मी संस्थेवाल्याकडं गेलो, तोंड दाखवून आलो. त्यानं हसून चहा पाजला. दुपारी मास्तरला घरी बसवलं."

आईने काकांपुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"मी चुकीच्या घरी गेलो हो," काका म्हणाले. "मास्तरच्या घरी आधी जायला पायजे होतं. नंतर लय खेपा घातल्या. दार न्हाई उघडत. पोरगं लिहायचं सोडून गेलं."

बाबा खांदा चोळत होते. विचार करताना ते नेहमी खांदा चोळतात.

"छापा," ते म्हणाले. "मास्तरला घरी बसवता येतं. हमालाला घरी बसवून करतेत काय? पोतं का पायानं चालत गाडीत चढतंय?"

"आणि त्या आडतीवर कामाला बोलावलंच न्हाई तर?" आई म्हणाली.

"तर दुसऱ्या आडतीवर. खांदा माझा हाय, त्याचा न्हाई."

आईने पदर खोचला. "मंग नाव पुरं छापा. बापाचं एकट्याचं नको. मधी माझं बी पायजे. या भानगडीत पाय मी बी घालायलेय."

काका हसले. मग आईने पिठलं-भाकरी केली, आणि काका असे जेवले की आईला दुसऱ्यांदा पीठ मळावं लागलं. बाबांनी त्यांना मोंढ्यातल्या गमती सांगितल्या, काकांनी मिठाचा चहा सांगितला. "आता जातो," असं ते तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा बसूनच राहिले. इतकी वर्षं हा माणूस रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी जातो, पण जेवायला थांबवणारं घर त्याला शेवटचं कधी भेटलं असेल, हे मला सांगता येणार नाही.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बाकावर बसल्यावर म्हणाले, "अंक आला की कात्रण नीट कापून ठेव. पुण्याला पाठवायला लागंल."

"घेतील का हो मला?"

"घेतील. का न्हाई घेणार? जाशील तू." थोडं थांबून म्हणाले, "बरंच हाय. मागं वजन नसलं की माझी स्कूटर चढाला बंद पडायची न्हाई."

परभणीची गाडी लागली. लोक चढले. कंडक्टरने काकांकडे बघून दार धरून ठेवलं. काकांनी हात हलवून नको म्हटलं.

"लय गर्दी हाय," ते मला म्हणाले. "मागच्या गाडीनं जातो."

गाडी अर्धी रिकामी होती. मी थोडं सरकून त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "त्या मीठवाल्या अभियंत्याचं पुढं काय झालं काका?"