मिळून आला नाही

पंधरा ऑगस्टला मसुऱ्याच्या शाळेच्या पडवीत चार खुर्च्या मांडत आणि विश्राम परब दर वर्षी अंगणातल्या चिखलात छत्री धरून उभा राही. खुर्च्या स्वातंत्र्यसैनिकांसाठी. तारेचा खांब विश्रामनेही पाडला होता, बेचाळीस साली, पण त्याच्याकडे सरकारी ओळखपत्र नव्हतं आणि खुर्ची कार्डाला मिळते, माणसाला नाही. सदुसष्टाव्या वर्षी त्याला देशाकडून दुसरं काही नको होतं. गुडघे फार दुखत.

“तुमका एक कागद करूक जमना नाय,” आनंदी म्हणायची. “तो बाबली बघा. बेचाळीसात तेका चड्डी घालूची अक्कल नाय होती, आज खुर्चेर बसता.”

शेवटी तिच्या तोंडाला कंटाळून, दोन एसट्या बदलून तो जिल्ह्याच्या कचेरीत गेला. कारकुनाने मान वर न करता विचारलं, “किती महिने तुरुंगात होता?”

“नव्हतो. पकडलं नाही.”

“का?”

“ते त्यांना विचारायला हवं.”

“म्हणजे भूमिगत. मग वॉरंट निघालं होतं आणि ते बजावलं गेलं नाही, असा पोलिसांचा दाखला आणा. बजावलं गेलं असेल तर मात्र कार्ड नाही.”

आता खरं सांगायचं तर विश्रामचं भूमिगत होणं तसं बेताचंच होतं. आठ दिवस तो देवगडला एका आंब्याच्या बागेत लपला. तिथे डासांनी फोडून काढल्यावर घरी आला आणि माळ्यावर चढला. वाडीतलाच धोंडू तेव्हा पोलिसात शिपाई. वॉरंट त्याच्याच हातात. महिन्यातून एकदा तो दारात येऊन विचारी, “वयनी, घोव खंय आसा?”

“माका काय ठावक?” आनंदी म्हणे आणि पेज वाढी, सोबत सुक्या बांगड्याची किसमूर. माळ्यावरच्या धुळीने विश्रामला शिंक येई. धोंडू पानातून डोकं न उचलता म्हणे, “मांजराक सर्दी झाली वाटता.” मग हात धुऊन अहवाल लिही : आरोपी मिळून आला नाही.

हा धोंडू आता पेन्शनीत होता. पोलिसाला पोलीस लवकर कागद देतो, असा हिशेब करून विश्रामने त्यालाच सोबत नेलं.

ठाण्यातला हवालदार तरुण होता, पण आत्ताच थकलेला. जिल्हा नवा झाल्यापासून जुनी दप्तरं रत्नागिरीहून ट्रकने आली होती आणि तशीच पडली होती. विश्राम परबच्या वॉरंटचा दाखला हवा म्हटल्यावर तो दोन तास वाळवीत हात घालून बसला. अखेर वॉरंट सापडलं, मागे धोंडूचे सव्वीस अहवाल टाचलेले. त्याने कागद उलटसुलट पाहिला.

“हे रद्द कुठे झालंय?”

धोंडू खिडकीबाहेर बघू लागला.

“रद्द नाही म्हणजे चालू आहे. या परबला मला अटक करावी लागेल. आजोबा, तुम्हीच का तो?”

होय म्हणायला विश्रामने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. होय म्हटलं तर वॉरंट बजावलं जाणार, आणि बजावलं गेलं की खुर्ची गेली. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. तो खांब पाडणं हेच त्याने आयुष्यात केलेलं एकमेव धाडस होतं.

“ओळखपत्र आहे?” हवालदाराने विचारलं.

“नाही हो. तेच तर मिळत नाही.”

“मग ओळखणारं कोणी?” हवालदार धोंडूकडे वळला. “तुम्ही ओळखता ह्यांना?”

धोंडूने सव्वीस अहवालांखालची आपली सही पाहिली, मग आपली पेन्शन आठवली, मग विश्रामकडे निरखून पाहिलं.

“ह्यांका? आज येष्टीत गाठ पडली.”

हवालदाराने दोघांकडे पाहिलं. अटक म्हणजे पंचनामा, डॉक्टर, कोर्ट. जीप पंक्चर होती. त्याने सुस्कारा सोडला आणि लिहिलं : आरोपी अद्याप मिळून आला नाही, सबब वॉरंट बजावलेले नाही. शिक्का मारून कागद विश्रामच्या हातात दिला.

“तो भेटला तर द्या त्याला.”

परतीच्या एसटीत विश्राम फुगून बसला होता. “माझ्या घरची इतकी पेज खाल्लंस आणि आज माझी वळख इसारलंस?”

“वळखलंय असतंय तर आता तू आत असतंस,” धोंडू म्हणाला. “आणि तुझ्या बाजूक मी.”

पुढच्या जुलैत कार्ड आलं. फोटो, सही, शिक्का, सगळं. आनंदीने ते देवापुढे ठेवलं आणि पंधरा ऑगस्टला स्वतः त्याच्या खिशात घातलं. पडवीत पाचवी खुर्ची होती आणि तिच्या पाठीवर त्याच्या नावाची चिठ्ठी. विश्राम बसला, पाठ टेकली, आणि बाहेर धो धो पाऊस पडत असताना त्याला फार बरं वाटलं.

तेवढ्यात फाटकातून बंदोबस्ताचा हवालदार आला. तोच.

वॉरंट अजून चालूच होतं. तेव्हा ओळख पटवायला कागद नव्हता म्हणून विश्राम वाचला होता. आता कागद त्याच्या खिशात होता, फोटोसकट. विश्राम गुडघे धरून उठला, छत्री उघडून अंगणात उतरला आणि धोंडूशेजारी चिखलात उभा राहिला.

हेडमास्तरांनी नावं वाचली. “श्री. विश्राम परब!”

सगळा गाव झेंड्याच्या काठीकडे बघू लागला. कोणी मान वळवली नाही. गावाला ही सवय जुनी होती.

“वहिनी, विश्रामराव कुठे आहेत?” हेडमास्तर गोंधळून म्हणाले.

“माका काय ठावक?” आनंदी म्हणाली.

हवालदाराने अंगणातल्या विश्रामला ओळखलं. “काय आजोबा, तो परब भेटला का?”

“नाय,” विश्राम म्हणाला.

“मग आता कसला येतोय.” हवालदाराने ओली टोपी काढली, पाचव्या खुर्चीत अंग टाकलं आणि पाय लांब केले.

पावसाची झड छत्रीखाली आली आणि विश्रामला जोरात शिंक आली. हवालदाराने मान वर केली.

“काय नाय,” धोंडू म्हणाला. “मांजराक सर्दी झाली.”