विनया बसली की बंद

शनिवारी सकाळी सव्वाआठ वाजता चंदीगडच्या सेक्टर ३९ बाहेरच्या पहिल्याच चौकात एक पांढरी गाडी बंद पडली. गाडी शिशिर आगाशे चालवत होता. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, मूळचा वाईचा. डावीकडे त्याची बायको विनया होती. गाडी जुनी विकत घेतलेली, घरी येऊन आठवडाही झाला नव्हता. जानेवारीचे धुके होते, मागे ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरवाल्याला घाई होती.

"उतर जरा, धक्का दे," शिशिर म्हणाला.

"साडी नेसलेय मी."

"मग साडी सांभाळून दे."

विनयाने धक्का दिला. शिशिरने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. इंजिन पुन्हा रुसू नये म्हणून त्याने ते चालूच ठेवले, विनया दार उघडून घाईघाईने आत बसली आणि पुढच्या चौकात गाडी पुन्हा बंद पडली. पुन्हा धक्का, पुन्हा दार, पुन्हा चौक. चंदीगडमध्ये चौकांना तोटा नाही. शेवटी विनयाने सायकलरिक्षा केली. ती रिक्षात बसल्यावर गाडी मात्र शेजारून शहाण्यासारखी घरापर्यंत आली. रिक्षावाला बराच वेळ दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. "साहब से झगड़ा हो गया, बीबीजी?" त्याने अखेर विचारले.

ही फेरी हौसेची नव्हती, रंगीत तालीम होती. शिशिरच्या नोकरीपायी विनयाने पुण्यातली शाळा सोडली होती आणि तेव्हापासून ती घरी होती. आता शेजारच्या हरियाणातल्या पंचकुल्याच्या एका शाळेने तिला गणित शिकवायला बोलावले होते. सोमवारी नऊच्या आत रुजू व्हायचे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईंना. धुक्यात दोन बस बदलून वेळेवर पोहोचण्याचा भरवसा नव्हता आणि भल्या सकाळी ऑटोवाले हरियाणाचे नाव काढताच मान फिरवत. म्हणून तर गाडी घेतली होती.

"गाडी एकट्या माणसाला व्यवस्थित नेते," घरी आल्यावर शिशिर म्हणाला. "तू बसलीस की बंद पडते. हे मी म्हणत नाही, हे निरीक्षण आहे."

"मग मला चालवू दे. लायसन आहे माझ्याकडे."

"आधी कारण समजू दे. कारण न समजता उपचार करत नाहीत."

कारण शोधायला त्याने आपल्या संशोधन संस्थेतले सहकारी डॉक्टर वामन पांढरीपांडे यांना बोलावले. वामनराव नागपूरचे, जिवाणूंची ओळख पटवण्यात मुरलेले. ते टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणे शिरले. इंजिन चालवणारा कॉम्प्युटर तिथे होता आणि त्याच्या वायरी सोलून काळ्या टेपने गुंडाळलेली, साबणाच्या वडीएवढी एक पेटी कोणीतरी जोडलेली होती. तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

"हे कंपनीचं नव्हे बे," खालून आवाज आला. "मागून लावलेलं आहे. एक वायर कॉम्प्युटरात घुसली, एक दाराकडं गेली."

"दाराकडे कशाला?"

"आतला दिवा लागते ना दार उघडल्यावर, त्याची असंन. ते सोड."

"कापून टाकू?"

"अनोळखी जीव पहिल्याच दिवशी मारतेत का? आधी ओळख पटव."

शिशिर एकटाच गाडी घेऊन मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये गेला. वाटेत गाडी कुठेही थांबली नाही. बिट्टू मेकॅनिकने इंजिनाचा आवाज ऐकला. "गड्डी तो टनाटन है, डॉक्टर साब. प्रॉब्लम क्या है?"

"मेरी वाइफ बैठती है तो बंद हो जाती है."

बिट्टूने शेजारच्या दुकानदाराला हाक मारून हे पुन्हा एकदा सांगायला लावले. मग तो गंभीरपणे म्हणाला, "साब, ये काम हमारे यहाँ नहीं होता."

पेटीबद्दल मात्र त्याची खात्री होती: जुन्या गॅस किटचा राहिलेला तुकडा. शेजाऱ्याचीही खात्री होती: मायलेज वाढवणारे यंत्र. दोघांनी मिळून वायर कापून पाहिली, तेव्हा इंजिन सुरूच होईना. मग दोघांनी मिळून ती पुन्हा जोडली आणि आपापल्या मतावर ठाम राहिले.

पेटीचे काम खरे तर साधे होते. इंजिन चालू असताना कोणी दार उघडले आणि मालकाने कुठेतरी लपवलेले बटण दाबले नाही, तर थोड्या वेळाने इंजिन बंद करायचे. चालत्या गाडीत शिरून ती पळवणाऱ्यांसाठी पूर्वीच्या कोणा सावध मालकाने केलेली ती सोय होती. किल्ली बंद करून फिरवली की पेटी झाले गेले विसरून जाई. शनिवारीही शिशिरने आधी इंजिन तापवायला चालू केले होते आणि विनया घराला कुलूप घालून मागाहून आली होती. पेटीच्या लेखी ती चोर होती.

ज्यांना हे ठाऊक असायला हवे होते ते ग्रेवालसाहेब शिशिरला गाडी विकून कॅनडाला गेले होते. शिशिरने त्यांना फोन लावला.

"वो डिब्बा? वो तो पहले से लगा था जी, हमने कभी छेड़ा नहीं," ग्रेवालसाहेब म्हणाले. "गड्डी बढ़िया है. बस, हमारी मिसेज़ को सूट नहीं की."

शिशिरने फोन ठेवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शोधाचे तेज होते.

रविवारी प्रयोग झाले. विनयाच्या वजनाइतके गव्हाचे पोते डावीकडच्या सीटवर नीट बसवून, पट्टा लावून शिशिरने मग इंजिन सुरू केले. पोते विद्यापीठापर्यंत जाऊन आले. वजनाचा प्रश्न निकालात निघाला.

"पोत्याला पट्टा लावलास," विनया म्हणाली. "मला कधी आठवण नाही करून दिलीस."

मग शिशिरने वामनरावांच्या क्वार्टरसमोर जाऊन हॉर्न दिला. इंजिन धडधडत होते. वामनरावांच्या पत्नी सुरेखाताई शाल सावरत बाहेर आल्या, दार उघडून बसल्या आणि वसाहतीच्या फाटकाशी गाडी बंद पडली. त्यांना उतरवून, गाडी मागे घेऊन, किल्ली काढून सगळ्यांनी चहा घेतला. चहानंतर शिशिर आणि वामनराव बरोबरच गाडीत बसले आणि सुखना तलावाला फेरी मारून आले. गाडी लोण्यासारखी चालली.

"बाई. डावी सीट. बास," वामनरावांनी निष्कर्ष काढला.

"घरात माझं कोणी ऐकत नाही," सुरेखाताई म्हणाल्या. "या डब्ब्याला तरी मी आल्याचं समजते."

"पण वामनराव, उद्या तिला रुजू व्हायचंय," शिशिर म्हणाला.

वामनरावांनी बराच विचार केला. "बाई डावीकडं बसली का बंद पडते. उजवीकडं बसवून पाहिली काय?"

शिशिरला ही सूचना क्रांतिकारक वाटली. विनयाला ती ओळखीची वाटली.

सोमवारी सकाळी साडेसातला धुके इतके होते की समोरचे घर दिसत नव्हते. विनया चालकाच्या जागी बसली आणि तिने इंजिन सुरू केले. शिशिर घराला कुलूप घालून, टॉर्च घेऊन मागाहून आला आणि डावीकडचे दार उघडून आत बसला. पहिल्या चौकात गाडी बंद पडली.

"बघ," शिशिर म्हणाला. "म्हणजे सीटचा संबंध नाही. बाई गाडीत असली की झालं."

"आज डावीकडे कोण बसलंय?"

शिशिरने आजूबाजूला पाहिले. "मी. पण मी कंट्रोल आहे, नुसता तुलनेपुरता."

"उतर."

"धक्का देऊ?"

"नको. नुसता उतर."

तो उतरला. विनयाने किल्ली मागे फिरवून पुन्हा फिरवली. इंजिन तत्काळ सुरू झाले. शिशिरने दाराला हात घातला, तेवढ्यात तिने आतून वाकून खटका खाली दाबला.

"विनया, एकदाच पडताळून पाहू!"

"नऊनंतर पडताळ." गाडी पंचकुल्याच्या दिशेने धुक्यात शिरली आणि शिशिर चौकात टॉर्च घेऊन उभा राहिला. एका रिक्षावाल्याने हळूच वेग कमी केला.

विनया नऊच्या आत रुजू झाली. संध्याकाळी येताना तिने दोन शिक्षिकांनाही घरी चहाला सोबत आणले. गाडी कुठेही थांबली नाही. तिघी शाळेच्या आवारातच गाडीत बसल्या आणि मग इंजिन सुरू झाले, याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. तीन बाया आणि एकही अडथळा नाही, एवढेच वामनरावांना कळवण्यात आले.

"मंग रोग गाडीत नाही," ते शिशिरला म्हणाले. "तुझ्यात दिसून राहिला."

"एका नोंदीवरून?"

"म्हणूनच म्हणतो, घाई नको करू. तुझ्याच वजनाचा दुसरा माणूस डावीकडं बसवून पाहू."

शिशिरच्या वजनाचा संस्थेत एकच माणूस आहे, तो म्हणजे संचालक. मंगळवारी दुपारी दोघे त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि प्रयोगामागची भूमिका त्यांनी सविस्तर मांडली. संचालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि गाडी कोण चालवणार, असे विचारले. माझी पत्नी, असे शिशिरने सांगितले. पेटीची ओळख अद्याप पटलेली नाही आणि संचालकांचे उत्तरही अजून आलेले नाही.